हयातीचा दाखला आणि हिशेबाचा दाखला

नोव्हेंबर महिना उजाडला की सरकारी निवृत्तिवेतनधारकांची पावले बँकेच्या शाखेकडे वळू लागतात. निवृत्त मुख्याध्यापक, तहसील कचेरीतील जुने अव्वल कारकून, पतीच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतनावर संसार रेटणाऱ्या विधवा असे सारेच त्या रांगेत असतात. आपण जिवंत आहोत, एवढेच त्यांना सिद्ध करावयाचे असते. २०१४ साली 'जीवन प्रमाण' ही संगणकीय सोय आली आणि अनेकांचे हेलपाटे वाचले, हे मान्य केले पाहिजे. तरीही वयाने बोटांच्या रेषा पुसट झाल्या म्हणजे यंत्र अंगठा ओळखत नाही आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या हयातीची खात्री पुन्हा पुन्हा पटवून द्यावी लागते.

ही मागणी गैर नाही. सार्वजनिक पैसा मृतांच्या नावावर उचलला जाऊ नये, ही दक्षता शासनाने घ्यावयासच हवी. प्रश्न आहे तो उलट बाजूचा. ज्याच्याकडून दरवर्षी हयातीचा दाखला मागितला जातो, त्याने आपल्या वेतनातून तीस-पस्तीस वर्षे कापल्या गेलेल्या रकमेच्या हिशेबाचा दाखला मागितला तर तो त्याला मिळतो काय? किती रक्कम कापली, मालकाने किती भरली, ती कोठे गुंतवली, तिच्यावर खर्च किती झाला आणि म्हातारपणी तिच्यातून दरमहा किती हाती पडणार, या पाच साध्या प्रश्नांची उत्तरे नोकरीत असतानाच देऊ शकणारा शिक्षक अथवा कारकून आज विरळाच. जुनी योजना हवी की नवी, यावर गेली काही वर्षे मोर्चे निघाले, संप झाले, निवडणुकाही लढवल्या गेल्या. परंतु कापलेल्या रुपयाचा परत येताना किती रुपया होतो, हा मूळ प्रश्न त्या कोलाहलात बाजूलाच राहिला.

मेहेरबानी की हक्क?

निवृत्तिवेतनाकडे राजाची मेहेरबानी म्हणून पाहण्याची दृष्टी फार जुनी आहे. १८१८ साली शरण आलेल्या दुसऱ्या बाजीरावास इंग्रजांनी बिठूर येथे सालीना ८ लाख रुपयांचा तनखा बांधून दिला. १८५१ साली बाजीराव वारले आणि दत्तक पुत्र नानासाहेबांना तो तनखा नाकारण्यात आला. देणाऱ्याची मर्जी हाच जेथे आधार असतो, तेथे मर्जी फिरली की देणेही संपते. सामान्य नोकराचे निवृत्तिवेतन याहून वेगळ्या पायावर उभे राहिले पाहिजे, हे तत्त्व प्रस्थापित व्हावयास आपल्या देशात बराच काळ जावा लागला.

त्या दिशेने दोन टप्पे महत्त्वाचे ठरले. पहिला टप्पा भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्याचा. नोव्हेंबर १९५१ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९५२ साली कायदा झाला. आरंभी तो सहाच उद्योगांना लागू होता. त्यांत कापडगिरण्या असल्याने मुंबईच्या गिरणगावातील कामगार या व्यवस्थेच्या पहिल्या लाभधारकांपैकी एक ठरला. पुढे १९७१ साली कुटुंब निवृत्तिवेतनाची आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतनाची योजना आली.

दुसरा टप्पा न्यायालयातला. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नकारा खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड या पीठाचे प्रमुख होते आणि निकालपत्र न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिले. निवृत्तिवेतन म्हणजे मालकाच्या लहरीवर अवलंबून असलेले बक्षीस नव्हे, पूर्वी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे आणि वृद्धापकाळी माणसाला सन्मानाने जगता यावे हा त्याचा हेतू आहे, असा त्या निकालाचा आशय. १७ डिसेंबर हा दिवस देशभरचे निवृत्तिवेतनधारक आजही पाळतात, तो याच कारणाने.

निवृत्तिवेतन हा राखून ठेवलेला पगार आहे हे एकदा मान्य केले की त्यातून दुसरी गोष्ट आपोआप निष्पन्न होते. पगाराचा हिशेब मागण्याचा हक्क जर नोकराला आहे, तर राखून ठेवलेल्या पगाराचा हिशेब मागण्याचा हक्कही त्याला असलाच पाहिजे. न्यायालयाने हक्क मान्य केला. त्या हक्काची किंमत किती, हे सांगण्याची व्यवस्था मात्र अद्याप अपुरीच आहे.

सत्तर या भाजकाचे गणित

खाजगी कारखाने, विनाअनुदानित शाळा, सहकारी संस्था, वृत्तपत्रे, दुकाने यांतून काम करणाऱ्यांचा विचार प्रथम करावयास हवा, कारण त्यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही. त्यांच्या वेतनातून भविष्यनिर्वाह निधीसाठी साधारणतः १२ टक्के रक्कम कापली जाते आणि तेवढीच मालक भरतो. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेकडे वळतात आणि उरलेले ३.६७ टक्के नोकराच्या निधीत पडतात. सरकार १.१६ टक्के भर घालते. ही वळती रक्कम वेतनाच्या एका कमाल मर्यादेवर मोजली जाते. जून २००१ पासून ती मर्यादा ६,५०० रुपये होती. सप्टेंबर २०१४ मध्ये ती १५,००० रुपये झाली आणि पुढील दहा वर्षांत महागाई कितीही वाढली तरी जागची हलली नाही.

निवृत्तिवेतनाचे सूत्र असे: निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि सत्तराने भागावे. वीस वर्षे सेवा झाली असेल तर दोन वर्षे अधिक धरली जातात. म्हणजे ३३ वर्षे सेवा केलेल्या आणि सर्व काळ १५,००० रुपयांची मर्यादा लागू असलेल्या नोकराचे निवृत्तिवेतन ३५ गुणिले १५,००० भागिले ७०, म्हणजे दरमहा ७,५०० रुपये होईल. प्रत्यक्षात २०१४ पूर्वीची सेवा जुन्या, कमी मर्यादेने मोजली जात असल्याने आज निवृत्त होणाऱ्याच्या हाती याहून बरेच कमी पडते. दहा वर्षांची सेवा पुरी झाली नाही तर मासिक निवृत्तिवेतनच नाही. काही ठरावीक रक्कम काढून घेता येते, किंवा सेवेचे प्रमाणपत्र घेऊन पुढील नोकरीत ती वर्षे जोडता येतात. नोकरी बदलताना असे प्रमाणपत्र घ्यावयाचे असते, हे किती जणांना कोणी समजावून सांगितले असेल?

आता दुसरा हिशेब मांडून पाहावा. १५,००० रुपयांवर ८.३३ टक्के म्हणजे दरमहा सुमारे १,२५० रुपये. ही रक्कम ३३ वर्षे नियमित भरली आणि तिच्यावर वार्षिक ८ टक्के व्याज मिळाले असे धरले, तर अखेरीस सुमारे २४ लाख रुपये जमतात. त्या रकमेवर तेच ८ टक्के व्याज पुढेही मिळाले, तर मुद्दलाला हात न लावता दरमहा १६,००० रुपये मिळू शकतील. योजनेचे सूत्र देते ७,५००. निवृत्ताच्या पश्चात पत्नीला त्याच्या निम्मी रक्कम मिळते आणि मुद्दल वारसांकडे येत नाही.

हा हिशेब एकांगी ठरू नये म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही योजना म्हणजे वैयक्तिक बचत खाते नव्हे. ऐन तारुण्यात कामगार दगावला तर त्याच्या विधवेला आणि मुलांना याच सामाईक निधीतून आधार मिळतो, कायमचे अपंगत्व आले तरी मिळतो. अल्प वेतनावर अल्प वर्गणी भरलेल्यांनाही किमान रक्कम मिळते, ती इतरांच्या पैशातून. शिवाय या निधीच्या विमागणिती मूल्यमापनात तूट आढळते, असे सरकार वेळोवेळी सांगत आले आहे. ८ टक्के दर तेहतीस वर्षे टिकेल याचीही कोणी हमी दिलेली नाही. तरीही १६,००० आणि ७,५०० यांमधील अंतरापैकी किती विम्यासाठी गेले, किती इतरांच्या मदतीसाठी गेले आणि किती केवळ जुन्या सूत्राच्या जडतेत विरून गेले, हे वर्गणीदाराला समजावयास हवे. त्याच्या पासबुकात निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचा स्वतंत्र रकाना असतो, पण त्या रकान्यात व्याज जमा होत नाही आणि त्याच्याखाली 'आजच्या घटकेला तुमचा हक्क दरमहा इतके रुपये' असे वाक्यही नसते.

या अज्ञानाची किंमत काय पडते, ते ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दिसून आले. मर्यादेऐवजी प्रत्यक्ष वेतनावर वाढीव निवृत्तिवेतन घेण्याचा पर्याय देण्यास न्यायालयाने चार महिन्यांची मुदत दिली आणि ती पुढे जुलै २०२३ पर्यंत वाढवावी लागली. लाखो नोकरांनी अर्ज केले. वीस-वीस वर्षांपूर्वीचे कागद शोधण्यासाठी निवृत्त माणसे बंद पडलेल्या कारखान्यांच्या दारांशी गेली. फरकापोटी आपल्याला किती भरावे लागेल आणि त्याबदल्यात दरमहा किती मिळेल, याचा स्पष्ट आकडा हाती नसताना अनेकांना आयुष्यभराचा निर्णय घ्यावा लागला. बाजारात शेरभर तूर घेतानाही माणूस आधी भाव विचारतो. येथे भाव नंतर कळणार होता.

सरकारी सेवकांपुढील कोडे

सरकारी आणि अनुदानित शाळांतील सेवकांची कथा वेगळी आहे, परंतु तिच्या मुळाशी हेच अज्ञान आहे. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नेमणुकांसाठी जुने निवृत्तिवेतन बंद केले. शेवटच्या वेतनाच्या निम्मी रक्कम आणि तिच्यावर महागाई भत्ता, हा जुन्या योजनेचा गाभा. नव्या व्यवस्थेत सेवक १० टक्के भरतो, शासन आपला वाटा घालते, रक्कम बाजारात गुंतवली जाते आणि निवृत्तीच्या वेळी साठलेल्या पुंजीपैकी किमान ४० टक्क्यांचे वर्षासन विमा कंपनीकडून विकत घ्यावे लागते. केंद्राने आपला वाटा २०१९ साली १४ टक्क्यांवर नेला. जुन्या योजनेत देणे निश्चित होते. नव्या योजनेत वर्गणी निश्चित आहे, मिळणे अनिश्चित.

या बदलाचा अर्थ सेवकांच्या ध्यानात यावयास जवळजवळ पंधरा वर्षे लागली. पहिल्या तुकड्या निवृत्त होऊ लागल्या, काही सेवक सेवेत असतानाच वारले आणि त्यांच्या घरी आलेल्या रकमांचे आकडे शाळा-कचेऱ्यांतून फिरू लागले, तेव्हा असंतोषाला वाचा फुटली. १४ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात सुमारे १७ लाख सरकारी व निमसरकारी कर्मचाऱ्यांनी सात दिवस संप केला. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा गावोगावच्या शाळांच्या फाटकांवर लागली. शासनाने तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली आणि २० मार्चला संप मिटला. त्यापूर्वीच राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश या राज्यांनी जुन्या योजनेकडे परतण्याची घोषणा केली होती.

पुढे केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली. ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली आणि महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्येच ती स्वीकारण्यास मान्यता दिली. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, दहा वर्षांच्या सेवेनंतर किमान १०,००० रुपये आणि महागाईनुसार वाढ, अशी हमी तिच्यात आहे. त्याबदल्यात सेवकाच्या नावावर साठलेली पुंजी सामाईक निधीकडे जाते आणि शासनाचा एकूण वाटा १८.५ टक्क्यांवर जातो. हमी अधिक, तर हाती येणारी एकरकमी पुंजी कमी, असा हा व्यवहार आहे. तो कोणाला फायद्याचा आणि कोणाला तोट्याचा? उत्तर सेवेची वर्षे, वय, प्रकृती, जोडीदाराचे वय आणि घरची गरज यांवर अवलंबून आहे. केंद्रीय सेवकांना पर्याय निवडण्याची मुदत वारंवार वाढवावी लागली, यावरून हे कोडे किती जणांना सुटले नव्हते ते उघड होते.

वर्षासनाचे एक उदाहरण पुरे. समजा, एका शिक्षिकेच्या खात्यात निवृत्तीच्या दिवशी ४० लाख रुपये साठले. त्यांतील १६ लाखांचे वर्षासन तिने घेतले आणि दर वार्षिक साडेसहा टक्के पडला. दरमहा हाती येतील सुमारे ८,६६६ रुपये. ते आज जितके आहेत तितकेच वीस वर्षांनीही राहतील, कारण सामान्य वर्षासनात महागाई भत्ता नसतो. वर्षासनाचे प्रकार अनेक आहेत. हयातीपर्यंत देणारे, पतिपत्नी दोघांच्या हयातीपर्यंत देणारे, मृत्यूनंतर मुद्दल वारसांना परत करणारे असे ते प्रकार असून प्रत्येकाचा दर वेगळा आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा. एकदा घेतलेले वर्षासन सहसा बदलता येत नाही. पस्तीस वर्षे सावकाश जमलेल्या पैशाचा निर्णय निवृत्तीच्या धांदलीतील एका दुपारी, समोर ठेवलेल्या अर्जावर खूण करून व्हावा, हे धोक्याचे आहे. गुंतवणुकीच्या काळातील व्यवस्थापनखर्च या योजनेत अत्यल्प ठेवला आहे, ही तिची जमेची बाजू खरी. परंतु तीस वर्षे वाचवलेला पैसा अखेरच्या निवडीत गमावला जाऊ शकतो, हे कोणी ठळक अक्षरांत सांगत नाही.

न दिसणारी कपात

वेतनचिठ्ठीवर दिसणाऱ्या कपातींखेरीज दोन कपाती अशा आहेत की ज्या कोठेच छापल्या जात नाहीत. पहिली भाववाढीची. सप्टेंबर २०१४ मध्ये कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान १,००० रुपयांची तरतूद झाली. भाववाढ वर्षाला ५ टक्के धरली, तर दहा वर्षांनी त्या १,००० रुपयांत पूर्वीच्या सुमारे ६१४ रुपयांचाच माल येतो. एकाही आदेशाशिवाय, एकाही सहीशिवाय दर हजारातील ३८६ रुपये गेले. २०१३ साली राज्यसभेच्या याचिका समितीने, भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली, किमान ३,००० रुपये देण्याची आणि त्याला महागाईची जोड देण्याची शिफारस केली होती. ते पुढे याच महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, तरी त्या शिफारशीचे भाग्य उजळले नाही. बुलढाण्यात निवृत्त कामगारांनी दीर्घकाळ साखळी उपोषण केले. ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता ही त्यांची मागणी. ती पुरी करण्यास पैसा कोठून आणावा, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु एकाच देशात एकीकृत योजनेखालील सेवकाला दहा वर्षांच्या सेवेवर १०,००० रुपयांची हमी आणि गिरणीत वा छापखान्यात हाडे झिजवलेल्याला १,००० रुपयांची, ही विषमता कोणत्या न्यायाने समर्थनीय ठरते?

दुसरी कपात खर्चाची. शाळांच्या शिक्षकखोल्यांतून आणि कचेऱ्यांच्या मधल्या सुट्टीतून 'निवृत्तीची सोय' म्हणून नाना प्रकारच्या योजना विकल्या जातात. विकणारा बहुधा ओळखीचाच असतो, क्वचित नात्यातलाही, आणि भिडेखातर सही होते. दरमहा १,००० रुपये पस्तीस वर्षे ८ टक्क्यांनी वाढले तर सुमारे २२ लाख ९० हजार होतात. त्यातून दलाली आणि व्यवस्थापन यांपोटी वर्षाला केवळ एक टक्का गेला आणि दर ७ टक्के उरला, तर तीच रक्कम सुमारे १८ लाखांवर येते. एक टक्का ऐकावयास क्षुल्लक वाटतो. पस्तीस वर्षांत तो जवळजवळ ५ लाख रुपये, म्हणजे पुंजीचा पाचवा हिस्सा, गिळून टाकतो. ब्रिटनमध्ये नोकरीच्या ठिकाणी आपोआप सामील करून घेतल्या जाणाऱ्यांच्या मुख्य निवृत्तिवेतन योजनांवरील वार्षिक खर्चाला एप्रिल २०१५ पासून ०.७५ टक्क्यांची कमाल मर्यादा कायद्याने घातली गेली, ती हेच गणित ओळखून.

याखेरीज मालकांची एक जुनी युक्ती आहे. मूळ वेतन कमी दाखवावयाचे, बाकीचे भत्त्यांत विभागावयाचे आणि निधीची वर्गणी वाचवावयाची. सर्वांना सरसकट दिला जाणारा भत्ता हा वेतनाचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनीही भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर वरचा भाग वेतनात धरावा, असे ठरवले आहे. तरतूद चांगली आहे. तिची अंमलबजावणी मात्र आपली वेतनचिठ्ठी वाचू शकणाऱ्या कर्मचाऱ्यावरच अवलंबून राहील.

हिशेब कोणता मागावा?

यावर उपाय फार खर्चिक नाहीत. पहिला उपाय एका कागदाचा आहे. प्रत्येक वर्गणीदाराला, मग तो कोणत्याही योजनेत असो, दर एप्रिलमध्ये त्याच्या मातृभाषेत एक पानी हिशेब मिळाला पाहिजे. त्यात वर्षभरात कापलेली व मालकाने भरलेली रक्कम, ती भरल्याच्या तारखा, मान्य झालेली सेवेची वर्षे, वजा झालेला खर्च, आणि आज आहे त्या गतीने गेल्यास निवृत्तीनंतर आजच्या किमतीत दरमहा किती मिळेल, हे पाच आकडे असावेत. सर्व नोंदी संगणकावर आहेत. एक कागद काढणे अशक्य आहे, असे म्हणण्यास आता जागा नाही.

दुसरा उपाय, किमान निवृत्तिवेतन आणि वेतनमर्यादा यांना भाववाढीशी जोडणारा नियम. महागाई भत्त्याचे दर वर्षातून दोनदा निश्चित करणाऱ्या सरकारला भाववाढ मोजता येत नाही असे नाही. मर्यादा वाढवली की वर्गणीही वाढते आणि नोकराच्या हाती येणारे वेतन थोडे घटते, सरकार व मालक यांचा बोजाही वाढतो. तो विचारात घ्यावा, टप्पे पाडावेत. परंतु दहा-तेरा वर्षे आकडा गोठवून ठेवावयाचा आणि मग एकदम दुप्पट करावयाचा, ही रीत कोणाच्याच हिताची नाही.

तिसरा उपाय निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा. निवृत्तीपूर्वी वर्षभर आधी प्रत्येकाला वर्षासनाचे सर्व प्रकार आणि सर्व कंपन्यांचे दर एका तक्त्यात मिळावेत आणि कोणतीही विक्री न करणाऱ्या जाणकाराचा सल्ला फुकट मिळावा. जिल्हा कोषागारे आणि निधीची प्रादेशिक कार्यालये यांना हे काम अवघड नाही. सेवानिवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ देणाऱ्या संघटनांनी त्याबरोबर असा एक तक्ताही दिला, तर तो सत्कार अधिक उपयोगी ठरेल.

जुन्या योजनेचा आग्रह धरणाऱ्यांनी आणि तिला विरोध करणाऱ्यांनीही याच कसोटीवर आपले म्हणणे तपासावे. जुनी योजना पुढील पिढीच्या करांतून चालते. तिचा बोजा किती आणि तो कोण उचलणार, हे सांगण्याची जबाबदारी तिच्या समर्थकांवर आहे. त्याच न्यायाने नव्या योजनेच्या समर्थकांनी बाजार पडला असता निवृत्त होणाऱ्याचे काय, याचे उत्तर दिले पाहिजे. हिशेब उघड झाला तर दोन्ही बाजूंच्या घोषणा थोड्या मंदावतील आणि वाटाघाटीला अर्थ येईल.

काही भार खुद्द वर्गणीदारावरही आहे. नोकरी बदलताना निधी काढून लग्नकार्यात किंवा दुचाकीत घालवण्याची सवय अनेक तरुणांना जडते. आज महाविद्यालयात असलेल्या विद्यार्थ्याला म्हातारपण फार दूरचे वाटणे स्वाभाविक आहे. पण पंचविसाव्या वर्षापासून दरमहा १,००० रुपये बाजूला टाकणाऱ्याला ८ टक्के दराने साठीला सुमारे २२ लाख ९० हजार मिळतात. दहा वर्षे उशिरा, पस्तिसाव्या वर्षी आरंभ करणाऱ्याला मिळतात सुमारे साडेनऊ लाख. पहिल्याने भरले ४ लाख २० हजार, दुसऱ्याने ३ लाख. भरण्यात फरक सव्वा लाखाच्या आत, मिळण्यात तेरा लाखांहून अधिक. चक्रवाढ व्याजाचे हे उदाहरण शाळेच्या गणितात शिकवले जाते, पण ते आपल्याच पगारास लागू आहे हे शिक्षकही सांगावयास विसरतो. वारसनोंद अद्ययावत ठेवणे, पासबुक तिमाहीस तपासणे, मालकाने वर्गणी भरली नसल्यास लेखी तक्रार करणे, ही कामे कंटाळवाणी खरी. ती न केल्याची शिक्षा मात्र बहुधा विधवेला भोगावी लागते.

पेशव्यांचा तनखा मर्जीवर होता, म्हणून तो एका पिढीत संपला. आजच्या निवृत्तिवेतनाला कायद्याचा आणि न्यायालयाच्या निकालाचा आधार आहे. त्या आधाराला आकड्यांची जोड मिळावयास हवी, कारण ज्याची किंमत ठाऊक नाही त्या हक्काचे रक्षण करणे कठीण असते. पुढच्या नोव्हेंबरात रांगेत उभा राहणारा वृद्ध हयातीचा दाखला मुकाट्याने देईलच. शासनाने आणि निधीच्या चालकांनी एप्रिलमध्ये त्याच्या नोकरीत असलेल्या मुलाच्या हाती हिशेबाचा दाखला ठेवावा, इतकीच ही मागणी आहे आणि ती पुरी करण्यास नव्या कायद्याचीही वाट पाहावी लागणार नाही.